सीसीवरून पेटलेला वाद आणि समृद्धीवरचे दोन रविवार

आमच्या घरात गाडीविषयीचा कोणताही वाद "सीसी किती?" या प्रश्नापासून सुरू होतो. माझ्याकडे 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याकडे 2200 सीसीची, सात माणसे बसतील अशी डिझेल गाडी आहे. त्याचे म्हणणे असे, की मोठे इंजिन हायवेला दमत नाही, त्यामुळे वेग वाढला तरी त्याचे ॲव्हरेज फारसे पडत नाही; लहान इंजिनाची मात्र शंभरच्या पुढे काटा गेला की दमछाक होते आणि ते पेट्रोल ढोसू लागते. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात उभे आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे मोजल्याशिवाय मान डोलावणे मला जमत नाही. शेवटी दोघांनी मिळून, एकाच पंपावर टाक्या भरून, दोन रविवार या प्रश्नाला द्यायचे ठरवले.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नाशिककरांना प्रथमच हाताशी असा रस्ता मिळाला, जिथे ताशी 120 ची मर्यादा आहे आणि तो वेग सलग राखताही येतो. जुन्या कसारा घाटाच्या रस्त्यावर हा प्रयोग झालाच नसता, कारण तिथे वेग चालकापेक्षा पुढचा कंटेनर ठरवतो. घोटीपर्यंत दोन्ही वेळा सारख्याच वेगाने जायचे, पहिल्या रविवारी समृद्धीवर काटा 90 वर ठेवायचा, दुसऱ्या रविवारी 120 वर, आणि जिथे फलक कमी वेग सांगेल तिथे अर्थातच तो पाळायचा, असा बेत होता. टायरमधील हवा सकाळी गाड्या थंड असताना तपासली, एसी दोन्ही वेळा चालू ठेवला, प्रत्येक गाडीत दोनच माणसे बसली, आणि परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ऑटो कटला थांबून टाकी भरली. जाऊन येऊन अंतर सुमारे 240 किलोमीटर झाले.

जाणे आणि येणे दोन्ही मोजणे या मार्गावर का आवश्यक आहे, हे आधी सांगतो, कारण मुंबईला जाताना मिळालेले ॲव्हरेज लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतबाहेर उंचीवर आहे आणि आमणे भिवंडीजवळ, कोकणाच्या सखल भागात. माणसांसह अकराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला लागणारी ऊर्जा साधारण सहा मेगाज्यूल भरते. आजच्या 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमध्ये तीस मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि त्यातील जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, असे धरले तर परतीच्या वाटेवर पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल केवळ गाडी वर चढवण्याची हमाली म्हणून जाते. समृद्धीवरचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा घाटातली वळणे वाचवतो. उंची वाचवत नाही.

आता आकडे. माझ्या गाडीने 90 च्या दिवशी लिटरला 19.4 किलोमीटर दिले आणि 120 च्या दिवशी 15.6. मेहुण्याच्या गाडीने अनुक्रमे 15.2 आणि 12.2. पंपावरच त्याने मोबाइलवर वजाबाकी केली आणि म्हणाला, "दाजी, तुमचे 3.8 ने पडले, माझे फक्त तीनने. मोठ्या इंजिनाचा फायदा तो हाच."

ही वजाबाकी बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याकडे लिटरला किती किलोमीटर हे माप रूढ आहे, आणि ते खर्चाच्या उलट्या बाजूने मोजलेले माप असल्यामुळे जिथे खर्च मोठा असतो तिथेच फरक लहान दिसतो. त्याच 240 किलोमीटरचे लिटर मोजा: माझ्या गाडीला पहिल्या दिवशी सुमारे 12.4 लिटर लागले आणि दुसऱ्या दिवशी 15.4, म्हणजे तीन लिटर जास्त; त्याच्या गाडीला 15.8 आणि 19.7, म्हणजे जवळजवळ चार लिटर जास्त. शेकडेवारीत पाहिले तर दोन्ही गाड्यांचे ॲव्हरेज जवळपास सारखेच, एक पंचमांशाने पडले आहे. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असे मोजतात, आणि निदान घरगुती हिशेबासाठी तरी मला ते माप अधिक प्रामाणिक वाटते, कारण आपण पैसे लिटरचे देतो.

वेगाने असे का होते, याचे उत्तर गाडीच्या पुढे असलेल्या हवेत आहे. माझ्या गाडीच्या आकारासाठी ढोबळ गणित केले, तर ताशी 80 वेगाला हवेचा विरोध सुमारे 21 किलो वजनाइतका रेटा लावतो आणि टायरांचे घर्षण 11 किलोचा. टायरांचा हा 11 किलोचा वाटा वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की तो सव्वादोन पट होतो, त्यामुळे 120 ला तोच 21 किलोचा रेटा 47 किलोच्या पुढे जातो. म्हणजे 80 ला एकूण 32 किलोविरुद्ध ढकलत नेलेली गाडी 120 ला 58 किलोहून अधिक विरोधाशी झगडत असते, आणि अंतर तेच असल्यामुळे प्रत्येक किलोमीटरमागे चाकांपाशी लागणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. शक्तीची गोष्ट तर याहून तीव्र आहे: हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर 80 चा वेग नुसता टिकवायला माझ्या गाडीला जेमतेम साडेनऊ अश्वशक्ती पुरते, तर 120 ला सुमारे 26 लागते.

अमेरिकेत 1973 च्या तेलसंकटानंतर, 1974 च्या जानेवारीत, देशभरासाठी ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर, अशी कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला, तो याच हिशेबावर. ती मर्यादा पूर्णपणे उठायला 1995 उजाडावे लागले.

या गणितात सीसी कुठेच येत नाही, हे लक्षात घ्यावे. हवेला इंजिन दिसत नाही. तिला गाडीची छाती दिसते. मोठे इंजिन बहुधा उंच, रुंद आणि जड गाडीत बसवलेले असते, आणि आपण छातीचा दोष इंजिनाच्या माथी मारतो. मेहुण्याच्या गाडीचा समोरचा भाग भिंतीसारखा उभा आहे आणि वरती सामानाचे कॅरिअर कायमचे ठोकलेले आहे. ते काढून ठेव, असे मी त्याला तीन वर्षे सांगतो आहे.

तरीही त्याच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे, आणि ते गिअरमध्ये आहे. मोठ्या इंजिनाला कमी फेऱ्यांतच पुरेसा जोर मिळत असल्यामुळे त्याचे वरचे गिअर लांब ठेवता येतात. शंभरच्या वेगाला त्याच्या गाडीचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास शांतपणे फिरत असते आणि माझे तीन हजारांच्या घरात ओरडत असते. जितक्या फेऱ्या जास्त तितके आतले घर्षण जास्त, म्हणून लहान इंजिनाला वेगाचा थोडा जादा दंड बसतो. पण कानाला जो आवाज दमछाकीसारखा वाटतो त्याचे इंधनातले मोल कानाला वाटते त्यापेक्षा बरेच कमी असते. उलट लहान इंजिन अशा वेळी आपल्या ताकदीच्या बऱ्याच मोठ्या भागावर काम करत असते, आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता तिथेच चांगली असते.

सीसीचा खरा हिशेब द्यावा लागतो तो शहरात. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर गाडी उभी असताना हवेचा विरोध शून्य असतो, पण इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्यासाठी इंधन लागतेच. रिकाम्या टांग्याचा घोडाही चारा खातो, आणि घोडा जितका मोठा तितका चारा जास्त. लिटरभर, म्हणजे हजार सीसी क्षमतेचे पेट्रोल इंजिन नुसते उभ्याने तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते, म्हणजे दहा मिनिटांच्या कोंडीत एक कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढे. गाडी हळू चालत असतानाही परिस्थिती फार वेगळी नसते, कारण अगदी थोड्या शक्तीची गरज असल्यामुळे पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे आत येणारी हवा रोखणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच बरीच मेहनत वाया घालवावी लागते. ही ओढाताण मोठ्या इंजिनात अधिक होते. म्हणूनच कमीत कमी वेगाला सर्वात चांगले ॲव्हरेज मिळत नाही; बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते वरच्या गिअरमध्ये, पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान कुठेतरी मिळते.

डिझेल इंजिनात हवा रोखून शक्ती कमीजास्त करण्याची पद्धत नसते. हवा मोकळी येते आणि नोझलमधून किती डिझेल फवारायचे यावर शक्ती ठरते. नाशिककरांना नोझल हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्पिढ्या इथल्या घरांत हेच नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीचा पगार आला, 2008 मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, आणि चौकाचे नाव मात्र मायको सर्कलच राहिले. मेहुण्याची 2200 सीसीची गाडी गंगापूर रोडवरच्या गर्दीतही लिटरला दहाच्या आसपास देते याचे श्रेय त्या नोझलला आहे. तेवढ्याच सीसीचे साधे पेट्रोल इंजिन त्याच धडात असते तर तो आकडा एकेरी झाला असता.

सीसीला आपल्याकडे एवढे महत्त्व येण्यामागे करांचाही हात आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलला 1200, डिझेलला 1500 सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले गेले, आणि तेव्हापासून या मापात बसवलेल्या गाड्यांची रांग लागली. 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांतही तीच रेषा आहे: आत बसली तर 18 टक्के, बाहेर गेली तर 40. या रेषेच्या आत राहून जोर वाढवण्यासाठी कंपन्यांनी हजार सीसीच्या इंजिनांना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जोडले. असे इंजिन पाय हलका असताना हजार सीसीसारखे वागते आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला की मोठ्या इंजिनाइतकी हवा आणि तेवढेच इंधन घेते. माझ्या एका मित्राने अशी गाडी कागदावरचे ॲव्हरेज पाहून घेतली, तो आठवड्यातून दोनदा समृद्धीने भरधाव जातो, आणि आता गाडीत दोष आहे अशी त्याची ठाम समजूत आहे. कागदावरचा तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चालवून काढलेला असतो आणि त्या भारतीय चाचणीत गाडी ताशी 90 च्या वर जातच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकण्याची आमच्या वडीलधाऱ्यांची सवयही इथेच निकालात काढतो. कार्ब्युरेटरच्या काळात तिने थोडे पेट्रोल वाचत असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण बंद होतो, कारण उतारच इंजिन फिरवत असतो. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावे लागते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

राहिला वेळेचा प्रश्न. इगतपुरी ते आमणे हे 76 किलोमीटर 120 ने अडतीस मिनिटांत होतात आणि 100 ने सुमारे सेहेचाळीस मिनिटांत. त्या आठ मिनिटांसाठी माझ्या गाडीला एक ते दीड लिटर पेट्रोल जादा लागते, म्हणजे आजच्या भावाने सव्वाशे रुपयांच्या घरात.

हे सगळे गणित वहीत मांडून मी मेहुण्यापुढे ठेवले. त्याने ते शांतपणे वाचले, पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिले, आणि म्हणाला, "दाजी, पुढच्या महिन्यात आपण सगळे सप्तशृंगीला चाललोय. सात माणसे आहेत. माझ्या गाडीचे लिटर सातांनी भागा, आणि मग तुमच्या गाडीच्या दोन फेऱ्यांचे मांडा." वहीत त्या हिशेबासाठी मी एक कोरे पान सोडून ठेवले आहे.