आजाराचं नाव बघून प्रोजेक्ट निवडू नका

रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरचा वेळ औषध संशोधनाला देता येतो हे आता बऱ्याच जणांना माहितीये, निदान २०२० मध्ये कोविडच्या वेळी कानावर तरी आलंच असेल. तेव्हा फोल्डिंग ॲट होम या असल्याच एका प्रोजेक्टकडे इतकी माणसं धावली की सगळ्यांचे कॉम्प्युटर मिळून वेग एक एक्झाफ्लॉपच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं, आणि त्या वेळचे भलेभले सुपरकॉम्प्युटर मागे पडले. काही दिवस तर मशीन जास्त आणि काम कमी अशी अवस्था, सर्व्हरच पुरे पडेनात. मग लाट ओसरली, बऱ्याच जणांनी सॉफ्टवेअर काढून टाकलं, आणि जे उरले किंवा नव्याने येतायत ते सगळे एकच विचारतात, कुठला प्रोजेक्ट घेऊ?

आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच यादी उघडतात, कॅन्सर, अल्झायमर, टीबी, पार्किन्सन अशी नावं बघतात आणि घरात किंवा ओळखीत ज्याला जे झालंय त्यावर टिक करून मोकळे होतात. भावना समजते, त्यात चूक काही नाही. पण माझं मत विचाराल तर आजाराचं नाव ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी बघायचं की तिथे गणित कुठल्या प्रकारचं चालतं, ते आपल्या मशीनला झेपतं का, आणि निघालेलं उत्तर पुढे कोणाच्या हातात जातं.

गणिताच्या प्रकाराचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फोल्डिंग ॲट होम (ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्डला विजय पांडे यांनी सुरू केलं, आता ग्रेग बोमन यांच्याकडे आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात) हे मॉलिक्युलर डायनॅमिक्स करतं. म्हणजे एक प्रोटीन घ्यायचं, आजूबाजूला पाणी भरायचं, प्रत्येक अणूवर किती बल आहे ते काढायचं, अणू किंचित हलवायचे, परत बल काढायचं, परत हलवायचे. एक पाऊल साधारण दोन-चार फेम्टोसेकंदांचं (एका सेकंदात एकावर पंधरा शून्यं इतके फेम्टोसेकंद). दोन धरले तर नुसता एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, बघायला ५० कोटी पावलं टाकावी लागतात, आणि प्रोटीनच्या ज्या हालचाली खरोखर बघायच्या असतात त्यातल्या कितीतरी मायक्रोसेकंदांत नाही तर मिलिसेकंदांत होतात. त्यामुळे हे काम तुकडे करून वाटतात. लॉगमध्ये नीट बघितलं तर प्रत्येक वर्क युनिटला, म्हणजे आपल्याकडे आलेल्या तुकड्याला, चार आकडे दिसतील, प्रोजेक्ट, रन, क्लोन आणि जेन. रन म्हणजे सुरुवातीची रचना वेगळी, क्लोन म्हणजे रचना तीच पण अणूंचे सुरुवातीचे वेग वेगळे, हे सगळे एकमेकांना समांतर चालतात, कोणी कोणासाठी अडत नाही. पण जेन, म्हणजे एकाच साखळीतला कितवा तुकडा, तसा नाही. जेन १२ ला जेन ११ जिथे संपला तिथूनच सुरू व्हावं लागतं. स्वेटरची पुढची ओळ जशी मागची पूर्ण झाल्याशिवाय घेताच येत नाही, तसं.

म्हणजे समजा तुमच्या लॅपटॉपवर जेन ११ आलाय, ४० टक्के झालाय, आणि तुम्ही झाकण लावून तीन दिवस गावाला गेलात. ती अख्खी साखळी तुमच्यापाशी अडकली. शेवटी टाइमआउट उलटला की सर्व्हर तोच तुकडा दुसऱ्या कोणालातरी देतो, म्हणजे तुमची वीज वाया गेली, तुमचे ४० टक्के गेले आणि साखळीचे दिवस गेले. म्हणूनच तिथे लवकर परत करणाऱ्याला बोनस पॉइंट असतात, पासकी (आपली ओळख पटवणारी किल्ली) घेतली असेल तर. लोकांना वाटतं हा बोनस म्हणजे श्रीमंत मशीनवाल्यांचे लाड आहेत, तसं नाहीये, त्या गणिताची गरजच ती आहे.

आता याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे डॉकिंग. प्रोटीनमध्ये एक खाच असते, तिच्यात औषधाचा छोटा रेणू कसा आणि किती घट्ट बसतो याचा अंदाज काढायचा, झालं की पुढचा रेणू. लाखो रेणू असतात पण प्रत्येकाचा हिशोब स्वतंत्र. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या अनेक प्रोजेक्टांच्या एकत्र जागेवरचं मॅपिंग कॅन्सर मार्कर्स डॉकिंग नाही, तिथे कॅन्सरच्या पेशंटांच्या डेटामधून कुठले मार्कर, म्हणजे आजाराच्या खुणा, एकत्र घेतले तर काही सांगतात हे शोधतात, पण स्वभाव तोच, एक तुकडा दुसऱ्यासाठी अडत नाही. प्रोटीनच्या रचना काढणाऱ्या रोझेटा ॲट होमचंही तसंच, आणि तिथे तर एक टास्क किती तास चालवायचा हे सेटिंगमध्ये आपणच ठरवू शकतो, न ठरवलं तर आठ तास. असल्या कामाला जुना, हळू, दिवसातून चार तास चालू असणारा कॉम्प्युटर मस्त चालतो. डेडलाइन पाळली म्हणजे झालं.

तर पहिला निकष हा. चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मशीन सलग चालू राहतं, तर फोल्डिंग. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर बार्सिलोनाचं जीपीयूग्रिड पण आहे, तेही मुळात मॉलिक्युलर डायनॅमिक्सवालेच, २०११ मध्ये त्यांनी ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमला एक छोटा रेणू येऊन कसा चिकटतो ती पूर्ण प्रक्रिया सिम्युलेशनमध्ये पकडली होती, पण टास्क मोठे असतात आणि कधी असतात कधी नसतात. साधा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आहे, मशीन चालू-बंद होतं, तर बॉइंक टाका आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड किंवा त्यासारखं काहीतरी घ्या. बॉइंक म्हणजे बर्कलीला सेटी ॲट होमच्या (परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या प्रोजेक्टच्या) लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, एकदा टाकलं की त्यात हवे तेवढे प्रोजेक्ट जोडता येतात. फोल्डिंग मात्र त्यात येत नाही, त्याचा क्लायंट वेगळा. दोन्ही एकाच मशीनवर चालवायचे असतील तर फोल्डिंगला जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) द्या, बॉइंकला सीपीयू, आणि सीपीयूचा एक कोअर मोकळा ठेवा, नाहीतर जीपीयूला डेटा पुरवायलाच कोणी उरत नाही आणि महागडं कार्ड नुसतं ताटकळत बसतं.

दुसरा निकष, उत्तराचं पुढे काय होतं. इथे मी जरा कडक आहे. प्रोजेक्टच्या पानावर पेपरांची यादी नसेल, डेटा कुठे ठेवतात ते लिहिलेलं नसेल, मागची बातमी तीन वर्षांपूर्वीची असेल तर मी पुढे जातो, मग आजाराचं नाव कितीही मोठं असो. फोल्डिंगच्या नावावर २०० च्या वर पेपर आहेत. कोविडच्या वेळी त्यांनी विषाणूच्या प्रोटीन्सचं मिळून ०.१ सेकंदाचं सिम्युलेशन केलं, ऐकायला हास्यास्पद वाटतं पण वरचं ५० कोटी पावलांचं गणित आठवा, आणि त्यात स्पाइक प्रोटीन कसं उघडतं, एरवी न दिसणाऱ्या खाचा कुठे उघडतात ते सापडलं. ते २०२१ मध्ये छापून आलं. शिवाय कोविड मूनशॉट, ज्यात विषाणूच्या मुख्य प्रोटिएजला (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमला) अडवणारे रेणू उघडपणे, पेटंट न घेता शोधले गेले, त्यातही फोल्डिंगची गणितं होती आणि २०२३ मध्ये ते सायन्स या नियतकालिकात आलं.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलं, आता टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे आहे. तिथे सुरुवातीपासून अट होती की निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवायचे, ही अट मला फार आवडते. त्यांचं लहान मुलांच्या कॅन्सरचं काम बघा, जपानी टीमने न्यूरोब्लास्टोमासाठी सुमारे ३० लाख रेणू चाळून २०१४ मध्ये सात जाहीर केले. तीस लाखातून सात, आणि ते सात म्हणजेही औषधं नाहीत, पुढे तपासण्यालायक रेणू. म्हणून कोणी म्हणालं की इतकी वर्षं कॉम्प्युटर चालवून एक तरी गोळी आली का बाजारात, तर त्याला सांगायचं की बाबा, आपण चाळणी आहोत. चाळणीनंतर लॅब, मग उंदीर, मग माणसांवरच्या ट्रायल्स, आणि बहुतेक रेणू त्या वाटेत कुठेतरी गळतात.

हल्ली एक नवीन शंका येते, अल्फाफोल्ड नावाच्या एआयने सगळं सोडवलंय ना, मग आपण कशाला वीज जाळायची? प्रश्न रास्त आहे. प्रोटीनची रचना ओळखणं या बाबतीत एआयने खरंच खेळ पालटला, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलच हासाबिस आणि जम्पर यांना त्यासाठी मिळालं, आणि त्यातला अर्धा वाटा गेला डेव्हिड बेकर यांना, नवीन प्रोटीन्स डिझाइन केल्याबद्दल. हे बेकर म्हणजे रोझेटा ॲट होम ज्यांच्या लॅबचं तेच. तर हो, नुसती रचना काढायला आता हजारो घरगुती कॉम्प्युटर लागत नाहीत, आणि रोझेटावर पूर्वीसारखं सतत काम मिळत नाही त्यामागे हे एक कारण असावं असा माझा अंदाज. पण अल्फाफोल्डकडून मिळते ती मुख्यतः स्थिर रचना. प्रोटीन हलतं कसं, मध्येच एखादी लपलेली खाच उघडते का, औषध चिकटतं आणि सुटतं कसं, याला अजून सिम्युलेशन लागतं. त्यामुळे डायनॅमिक्सवाल्यांचं काम संपलेलं नाही, उलट त्यांना सुरुवात करायला आयत्या रचना मिळाल्यात.

तिसरं, प्रोजेक्ट जिवंत आहे का. नेटवरच्या जुन्या याद्यांवर जाऊ नका. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या मदतीने सुरू झालेला युनायटेड डिव्हायसेसचा कॅन्सर प्रोजेक्ट २००७ मध्ये बंद झाला, मलेरियाकंट्रोल आणि कार्ल्सरूहचं पोएम ॲट होम २०१६ मध्ये, आणि सेटीनेही मार्च २०२० नंतर नवीन काम पाठवणं थांबवलं. ही नावं अजून लेखांमध्ये फिरतायत. शोधाशोध करायचा कंटाळा असेल तर सायन्स युनायटेड नावाची सोय आहे, तिथे आरोग्य किंवा बायोमेडिसिन असा विषय निवडायचा, प्रोजेक्ट ते स्वतः जोडतात. माझ्यासारख्या खोडकर माणसाला ते जमत नाही, मला आत बोट घालून बघायचंच असतं, पण घरातल्या बाकीच्यांच्या मशीनवर मी तेच टाकून देतो.

विजेचं बोलायलाच हवं. फुकट काही नाही. १०० वॅट जास्तीचे खाल्ले तर २४ तासांत २.४ युनिट, महिन्याला ७२. २५० वॅटचं कार्ड पूर्ण वेळ पळवलं तर दिवसाला सहा युनिट. म्हणून 'मशीन तसंही चालूच असतं' हे बोलणं अर्धवट आहे, रिकामं मशीन आणि कामाला जुंपलेलं मशीन यांच्या बिलात चांगलाच फरक पडतो. दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप खास यासाठी कपाटातून काढून चोवीस तास लावू नका, तितक्या विजेत नवीन प्रोसेसर कितीतरी पट काम करतो. आणि यासाठी नवीन कार्ड विकत घेणार असाल तर त्याऐवजी ते पैसे सरळ एखाद्या रिसर्च संस्थेला द्या, मी गंभीरपणे सांगतोय. आहे तेच कार्ड वापरताना पॉवर लिमिट ७०-७५ टक्क्यांवर आणा, कामाचा वेग त्या प्रमाणात पडत नाही आणि खोली पण तापत नाही. बॉइंकमध्ये 'सीपीयू टाइम' कमी करण्यापेक्षा कोअरची संख्या कमी करा, टाइमवालं सेटिंग काम सारखं थांबवतं-चालू करतं आणि पंखा सतत वरखाली होत राहतो, डोकं उठतं. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेलं, मशीन असेल तर ते आधी नॉर्मलला आणा, गेम खेळताना चुकलेला एक पिक्सेल कोणाला दिसत नाही पण इथे चुकलेला आकडा म्हणजे अख्खा टास्क बाद.

पॉइंटांबद्दल एकच, फोल्डिंगचे पॉइंट आणि बॉइंकचे क्रेडिट यांची तुलना करू नका, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. जास्त पॉइंट देतो म्हणून प्रोजेक्ट निवडणारे आहेत, टीमच्या चुरशीत मजा येते ते मान्य, पण मग संशोधनाचं नाव कशाला घ्यायचं.

आणि ऑफिसच्या, कॉलेजच्या मशीनवर परवानगीशिवाय अजिबात नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या सिस्टम ॲडमिनने तिथल्या कॉम्प्युटरवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा, म्हणजे असाच रिकामा वेळ वापरणारा, प्रोग्रॅम टाकला होता, तर त्याच्यावर फौजदारी खटला झाला, २००२ मध्ये प्रोबेशनवर कसाबसा सुटला. हेतू चांगला होता म्हणून कोणी सोडत नाही.

माझं सध्याचं विचाराल तर डेस्कटॉपच्या कार्डवर फोल्डिंग, तिथे आजाराची पसंती 'कुठलाही' अशीच ठेवलीये कारण कुठल्या कामाला घाई आहे ते त्यांना जास्त कळतं. सीपीयूवर वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड. २०२२ मध्ये आयबीएमकडून क्रेम्बिलकडे जाताना तिथलं काम बरेच महिने बंद होतं, तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये, एक प्रोजेक्ट राखीव ठेवायचा. सध्या तो सायडॉक आहे, स्लोव्हेनियातल्या लोकांचं डॉकिंगचं काम, त्याचा रिसोर्स शेअर, म्हणजे मशीनच्या वेळातला वाटा, शून्य. शून्य म्हणजे बंद नाही बरं का, मुख्य प्रोजेक्टकडे काहीच नसेल तेव्हाच बॉइंक त्याच्याकडे काम मागतं. हे सेटिंग प्रोजेक्टच्या वेबसाइटवर आपल्या अकाउंटच्या प्रेफरन्सेसमध्ये असतं, बॉइंकच्या मेनूत शोधत बसू नका, आणि बदलल्यावर मॅनेजरमध्ये त्या प्रोजेक्टवर अपडेट दाबा, तरच ते लगेच लागू होतं.