रॉडनी स्क्वेअरमधल्या खुर्च्या

सकाळी पावणेआठला ऑफिसला निघाले होते, तर अमेरिकेतल्या आमच्या विल्मिंग्टनच्या रॉडनी स्क्वेअर या चौकातल्या हिरवळीवर शंभरेक घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. माणूस एकही नाही. कुणी पाठीला टॉवेल बांधलाय, कुणी चार खुर्च्यांच्या पायांतून सायकलची साखळी ओवलीय. मी मूळची डोंबिवलीची, म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या कुळातली. हे काय चाललंय ते मला क्षणात कळलं. फक्त गाडी कुठे जाणार ते कळेना.

आमच्या बिल्डिंगच्या दारावरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "क्लिफर्ड ब्राऊन. आजपासून. फुकट आहे, ये."

"कोण ते? भाषण आहे का?"

दादरला उतरून कुणी "शिवाजी पार्क म्हणजे कुठले शिवाजी?" असं विचारलं तर आपण जसं बघू, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या जूनमधली, इथल्या क्लिफर्ड ब्राऊन जॅझ महोत्सवाच्या पहिल्या दिवसाची. तोवर या गावात चार वर्षं नोकरी झाली होती. विल्मिंग्टन हे डेलावेअरमधलं सगळ्यात मोठं शहर, म्हणजे सत्तरेक हजार वस्तीचं. आपल्याकडे एवढ्याला तालुक्याचं गाव म्हणतात. 1981 मध्ये राज्याने कायदा बदलून क्रेडिट कार्डवाल्या बँकांना मोकळं रान दिलं, बँका आल्या, आणि बँकांच्या मागोमाग कालांतराने आम्ही आयटीवाले आलो. न्यू जर्सीतली मराठी मंडळी इथे येतात ती आयफोन घ्यायला, कारण विक्रीकर नाही. आम्हीही त्यांच्याइतकेच उपरे. सकाळी गाडी पार्किंगच्या इमारतीत शिरते, संध्याकाळी पाचला तिथूनच बाहेर पडते, आणि घर लांब उपनगरात. रॉडनी स्क्वेअर माझ्यासाठी डबा खायची जागा होती. एका बाजूला ड्यूपाँटचं जुनं हॉटेल, दुसऱ्या बाजूला खांबांची सार्वजनिक लायब्ररी, मध्ये घोड्यावरचा सीझर रॉडनी. 1776 मध्ये स्वातंत्र्याच्या ठरावाला मत द्यायला हा गृहस्थ रातोरात घोडा दामटत फिलाडेल्फियाला पोहोचला होता. तो गुलामही बाळगून होता, म्हणून 2020 च्या जूनमध्ये पुतळा तिथून हलवला गेला. मी सांगतेय तेव्हा तो जागेवर होता आणि त्याच्या चौथऱ्याला टेकून लोक तळलेले मासे खात होते.

नवऱ्याला फोन केला, पोराला क्लासहून घेऊन इकडेच ये म्हटलं, आणि सहा वाजता गेले. अर्थात बिनखुर्चीची. दगडी पायरीवर बसणार तेवढ्यात हिरवळीवरून एक आजोबा हात करायला लागले. ऐंशीच्या आसपासचे, काळे, कडक इस्त्रीचा पिवळा शर्ट, डोक्यावर वेताची टोपी. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. "एक जास्तीची आणतोच मी दरवर्षी. कुणीतरी विसरतंच." मी बसले. पर्समध्ये भडंगाची पिशवी होती, ती पुढे केली. त्यांनी मूठभर घेतलं, खाल्लं, नाव विचारलं. "भडंग." त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. "बडांग! हे तर ड्रमचं नाव झालं." मग म्हणाले, "क्लिफ माहीत आहे ना तुला?" मी खरं ते सांगून टाकलं. त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. उलट, नवा श्रोता मिळाल्याचा आनंद झाला असावा.

त्यांच्याकडून त्या संध्याकाळी जे ऐकलं आणि नंतर मी जे वाचत गेले, ते एकत्रच सांगते.

जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनचा जन्म 30 ऑक्टोबर 1930 चा, इथला, या चौकातून चालत जाता येईल अशा ईस्ट साइड वस्तीतला. वडील हौसेने वाद्यं वाजवायचे, घरात ती पडलेली असायची. तेराव्या वर्षी मुलाच्या हातात ट्रम्पेट आलं. मग मुलगा जाऊ लागला बॉयसी लोवरी नावाच्या शिक्षकाकडे. हे आपल्याला ओळखीचं वाटेल: गल्लीतला क्लास, गल्लीतलीच पोरं, आणि पुस्तकाआधी कान. स्वरांचे गट कसे बदलतात ते आधी ऐकू आलं पाहिजे, बोटं नंतर. शाळा हॉवर्ड हायस्कूल, काळ्या मुलांची, कारण गोऱ्यांच्या शाळेत त्यांना प्रवेश नव्हता. याच शाळेपर्यंत लांबून यावं लागणाऱ्या क्लेमाँटच्या मुलांच्या पालकांनी पुढे कोर्टात दावा लावला, आणि अमेरिकेतला शाळांमधला वर्णभेद ज्या पाच खटल्यांवरच्या 1954 च्या निकालाने बेकायदा ठरला, त्यांतला एक तो. शाळा अजून आहे आणि तिच्या जवळच्या रस्त्याला क्लिफर्ड ब्राऊन वॉक म्हणतात.

पोरगा गणितात हुशार. कॉलेजात आधी गणितच घेतलं होतं. बुद्धिबळ खेळायचा. (इथे माझ्यातली मराठी आई जरा सावरून बसली.) मग संगीताकडे वळला, आणि 1950 च्या जूनमध्ये कार्यक्रमाहून परतताना गाडीला भीषण अपघात झाला. जवळजवळ वर्ष अंथरुणात गेलं. ट्रम्पेटच्या जगातला तेव्हाचा राजा डिझी गिलेस्पी त्याला भेटायला दवाखान्यात गेला आणि वाजवणं सोडू नकोस म्हणून सांगून आला. पोराने सोडलं नाही. ट्रम्पेट धरवत नव्हतं तोवर पियानोवर बसला.

त्याची पहिली ध्वनिमुद्रणं 1952 ची. शेवटची 1956 ची. मध्ये चार वर्षं, बस. पण त्या चार वर्षांत काय काय! 1953 मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर युरोपात गेला. बाहेर रेकॉर्डिंग करायचं नाही असा मालकाचा दम होता, तर हा आणि त्याचे सोबती रात्री हॉटेलमधून गुपचूप निसटून पॅरिसमध्ये रेकॉर्डिंग करून आले. 1954 मध्ये ड्रमर मॅक्स रोचबरोबर स्वतःचा पाच जणांचा संच काढला. त्याच वर्षी लग्न केलं, आणि बायकोसाठी बांधलेली 'जॉय स्प्रिंग' ही धून आज जगभरातली जॅझ शिकणारी पोरं घोटत असतात.

जॅझवाल्यांच्या त्या पिढीला हेरॉइनने पोखरलं होतं. क्लिफर्ड मात्र ना नशेत ना भानगडीत. सॉनी रॉलिन्स हा सॅक्सोफोनवाला व्यसनातून नुकता उठून त्याच्या संचात आला होता; नीट जगूनही उत्तम वाजवता येतं हे आपल्याला क्लिफर्डकडे बघून पटलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

26 जून 1956 च्या रात्री क्लिफर्ड, संचातला पियानोवादक रिची पॉवेल आणि रिचीची बायको नॅन्सी फिलाडेल्फियाहून शिकागोच्या कार्यक्रमासाठी निघाले. मॅक्स रोच आणि रॉलिन्स वेगळे गेले होते. गाडी नॅन्सी चालवत होती. पाऊस होता. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर बेडफर्डजवळ गाडी रस्ता सोडून गेली. तिघेही गेले. क्लिफर्ड पंचवीस वर्षांचा होता, आणि तो दिवस त्याच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस होता.

बेडफर्ड म्हटल्यावर मी चमकले. फिलाडेल्फियाच्या पंचक्रोशीतल्या आम्हा सगळ्यांचा तो रस्ता पाठ आहे, कारण पिट्सबर्गच्या बालाजीला त्याच रस्त्याने जातात. ब्रीझवूडला पेट्रोल आणि कॉफी, पुढे थोड्या वेळात बेडफर्डची पाटी, डोंगरातली वळणं, पाऊस असला की वायपरचा वेग वाढवायचा आणि मागच्या सीटवरून "अजून किती?" ऐकायचं. पाच-सहा वेळा तरी गेलोय. त्या संध्याकाळनंतर ती पाटी आली की नवरा आपोआप रेडिओ बारीक करतो. मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो," आजोबा म्हणाले. "आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी मोठ्याने बोललं नाही." एवढंच. मग पुन्हा भडंगाकडे हात.

बेनी गोल्सन हा त्याचा मित्र त्या वेळी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये वाजवत होता. तिथे बातमी पोहोचली. पुढे त्याने 'आय रिमेंबर क्लिफर्ड' बांधलं. त्या रात्री कुणीतरी ते वाजवलं तेव्हा आसपासच्या खुर्च्यांवरची चार-पाच म्हातारी माणसं टोपी काढून बसली होती. आजोबांनी टोपी मांडीवर ठेवली आणि त्यात भडंगाचे दोन दाणे पडले ते तसेच राहू दिले.

महोत्सव 1989 पासून चालू आहे, नगरपालिकेचा, तिकीट नाही. आता, खरं सांगायचं तर सगळं संगीत काही त्या उंचीचं नसतं. काही संच असे मऊमऊ वाजवतात की लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि काही रात्री जॅझ कमी आणि नाच जास्त. दर्दी लोक त्यावर कुरकुरतात, सवाईत नव्या कलाकारांवर कुरकुरतात तसंच, त्याच सुरात. पण नाचणाऱ्यांत सत्तरीच्या बायका असतात, एका ओळीत, एकसारखे कपडे करून, आणि त्यांचं पाऊल चुकत नाही. आमचं चिरंजीव त्यांच्या रांगेत शिरलं आणि तासभर बाहेर आलं नाही. खायला मासे, टर्कीची तंगडी, आणि 'वॉटर आइस', ज्याला इथले लोक 'वूडर आइस' म्हणतात. म्हणजे बर्फाचा गोळाच, फक्त कपात, आणि काला खट्टा नाही.

मला आठवतो तो एक शाळकरी मुलगा. मोठ्या कलाकारांच्या आधी इथल्या पोरांना थोडा वेळ देतात. पंधरा-सोळाचा असेल, ढगळ काळा कोट, उकाड्याने घामाघूम. वाजवायच्या आधी त्याने ट्रम्पेटच्या नळीखालची बारीकशी कळ दाबली, फुंकर मारली आणि दोन थेंब पाणी जमिनीवर सोडलं. मी नाक मुरडलं. आजोबा म्हणाले, थुंकी नाही ती, श्वासाची वाफ, थंड पितळेला लागून पाणी होते. मग त्या पोराने 'जॉय स्प्रिंग' घेतलं. सुरुवात बरी झाली, मग मधल्या भागात जिथे स्वरांचे गट भराभर बदलतात तिथे तो घसरला. थांबला नाही. मूळ पट्टीत परतलेली धून त्याने पुन्हा पकडली, आणि समेवर आल्यावर मान हलते ना आपली, तशी माझी हलली. जॅझमध्ये सम नसते हे मला माहीत आहे. मानेला कुठे माहीत? मागून कुणीतरी ओरडलं, "घाई नको, बाळा!" आणि चौकभर हशा पिकला. पोरगाही ट्रम्पेटआडून हसला.

नऊच्या सुमाराला आभाळ फाटलं. विजा, वारा, कार्यक्रम थांबला, आणि आम्ही सगळे लायब्ररीच्या खांबांखाली दाटीवाटीने उभे. मी, आमचं पोर, एक वकीलबाई, मासे तळणारा, दोन पोलिस. या शहरात माणसं अशी एकमेकांना खेटून उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर इथे दंगल झाली आणि नॅशनल गार्डचे सैनिक नऊ महिन्यांहून जास्त काळ रस्त्यांवर होते. दंगल केव्हाच संपलेली, तरी. आजोबांनी समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवून सांगितलं, इथून जीप जायच्या. ज्यांना जमलं ते नंतर उपनगरांत निघून गेले, आणि म्हणूनच पाचनंतर हा चौक रिकामा असतो. तिकीट लावलं असतं, अगदी दहा डॉलरचं, तर त्या खांबांखाली आमच्यासारखे ऑफिसवालेच उभे असते आणि क्लिफर्डच्या गल्लीतले लोक घरी. सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट परवडतं म्हणून मी वर्षानुवर्षं पाठ थोपटून घेतली आहे. आता तेवढी घेत नाही.

रात्री घरी येऊन मामाला फोन केला. मामा गिरगावचा, ज्या काळात मुंबईत जॅझ ऐकणारे मराठी लोक बोटांवर मोजण्याइतके होते त्यांतलं एक बोट. क्लिफर्ड ब्राऊनचं नाव घेतल्यावर पलीकडे जरा शांतता. मग, "अगं, त्याच्या संचातला तो रॉलिन्स, त्याला मी ऐकलाय! धोबी तलावला, रंगभवनात. अठ्ठ्याहत्तर साल. पहिली जॅझ यात्रा." आणि वर, "तो त्याआधीही येऊन गेला होता. पवईला, चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला होता, योग शिकायला."

पवई! मी त्या तलावाला वळसा घालून तीन वर्षं नोकरीला जात होते.

मामाला मी त्या शाळकरी पोराचं मोबाइलवरचं चित्रण पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: "मध्ये घसरलाय. पण पोरगं चांगलं आहे. आणखी पाठव."

पुढच्या वर्षी मी सात वाजताच पोहोचले. तीन खुर्च्या, आणि पाठीला बांधायला सोलापुरी चादर, लांबून ओळखू येईल अशी. संध्याकाळी येऊन बघते तर आजोबांनी आपल्या दोन्ही खुर्च्या उचलून चादरीशेजारी आणून ठेवलेल्या. माझं नाव त्यांच्या लक्षात नव्हतं. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "बडांग आणलंयस ना?"