रांग आपल्याच दारात लागू दे

संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ ही आमच्या घरातली बडोद्याची वेळ. जेवणाआधी सासूबाई ओटीवर खुर्ची ओढून बसतात आणि बडोद्याच्या वन्संना व्हिडिओ कॉल लावतात. सासूबाईंचं वय ८१, कानाला यंत्र. आवाज सलग असेल तर त्यांना सगळं नीट ऐकू येतं. तो तुटायला लागला की शब्द लागत नाहीत, मग त्या दोनदा "काय गो?" म्हणतात आणि तिसऱ्यांदा काही न विचारता फोन माझ्या हातात देऊन आत निघून जातात. गेल्या लग्नसराईत हे आठवड्यातून चार-चार वेळा व्हायला लागलं. त्यांचं ते उठून जाणं मला बघवेना. हा सगळा खटाटोप त्यापायी सुरू झाला.

ह्यांचा चिपळुणात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या दिवसांत हे सातला घरी येतात, लॅपटॉप उघडतात आणि अल्बमची पानं कोल्हापूरच्या प्रिंटिंग लॅबला पाठवायला लावून अंघोळीला जातात. एकेक अल्बम पाच-सहा जीबीचा. फोन तुटण्याची वेळ आणि अल्बम चढण्याची वेळ एकच आहे, हे लक्षात यायला मला महिना लागला, कारण सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, की लाईन कमी पडते. आमची लाईन ४० एमबीपीएसची, येता-जाता दोन्हीकडे सारखीच. कनेक्शनवाल्याने १०० चा प्लॅन सुचवला. हे म्हणाले, नवा राउटर आणू.

मी बारावीला फिजिक्स शिकवते. मोजल्याशिवाय उपाय करायचा नाही, हे वर्गात रोज सांगायचं आणि घरी विसरायचं, हे बरं नव्हे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि पिंग लावून बसले. पिंग म्हणजे एक छोटी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. घर शांत असताना उत्तर २० ते २५ मिलिसेकंदात येत होतं. ह्यांचा अल्बम चढायला लागला आणि तोच आकडा ७०० च्या पुढे गेला, मधूनच ९०० सुद्धा. जवळजवळ एक सेकंद! व्हिडिओ कॉलमध्ये एक सेकंद उशीर म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलणार आणि दोघंही थांबणार. वेग कमी नव्हता, ४० च्या ४० मिळत होते. बिघाड रांगेत होता.

परशुराम घाटात पुढे भरलेला कंटेनर चढत असला की मागची दुचाकीसुद्धा त्याच्याच चालीने चढते. दुचाकीला ना जागा जास्त लागते, ना वेळ, पण ती मागे अडकलेली असते. इंटरनेटवर सगळा मजकूर छोट्या छोट्या पाकिटांत जातो. राउटरमध्ये आणि मोडेममध्ये ही पाकिटं तात्पुरती ठेवायची जागा असते, तिला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तसे हे बफर मोठे होत गेले. अल्बमची पाकिटं तो सगळा बफर भरून टाकतात आणि सासूबाईंच्या आवाजाचं चिमुकलं पाकीट त्यांच्या पाठीमागे उभं राहतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. हा शब्द जिम गेटिस यांनी रूढ केला, तेही स्वतःच्या घरचं इंटरनेट असंच अडखळतंय हे बघून. त्यांच्याबरोबर या प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागलेला माणूस म्हणजे डेव्ह टॅट. त्यातून पुढे एफक्यू-कोडेल आणि मग केक नावाची रांग लावायची पद्धत आली. बहुतेक राउटरांच्या आत लिनक्स नावाची खुली कार्यप्रणाली असते, आणि केक २०१८ पासून तिच्या गाभ्यातच आहे. ती प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र रांग देते आणि आळीपाळीने एकेकाला सोडते. कंटेनरची रांग वेगळी, दुचाकीची वेगळी. वन्संचा मुलगा पुण्यात नेटवर्कचं काम करतो, त्याने मला हे सगळं फोनवर समजावलं. शेवटी म्हणाला, "मामी, डबा चांगलाय तुझा. डबा नको बदलू, आतलं सॉफ्टवेअर बदल. ओपनडब्ल्यूआरटी टाक."

डबा म्हणजे टीपी-लिंक आर्चर सी७. २०२१ च्या जुलैच्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, त्यानंतर घेतलेला. तेव्हापासून तो जिन्याच्या वरच्या फळीवर आहे, कारण पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण अजून आमच्या भिंतीवर आहे.

"आधी उलटा करून स्टिकर वाच," भाच्याने सांगितलं. मॉडेलचं नाव एकच असलं तरी आवृत्ती बदलली की आतली चिप आणि मेमरी बदललेली असू शकते, आणि एका आवृत्तीची फाईल दुसरीला चालेलच असं नाही. आमच्या स्टिकरवर ५.० होतं. त्यात क्यूसीए९५६३ हा ७५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी फ्लॅश, म्हणजे सॉफ्टवेअर साठवायची जागा, आणि १२८ एमबी रॅम. कॉलेजातल्या सहकारी बाईंनी नंतर मला त्यांच्याकडचा जुना ८४१एन राउटर दाखवला, त्याची फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२. त्यांना मी नको म्हटलं. एवढ्याशा जागेत आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही आणि जुनी आवृत्ती टाकून इंटरनेटच्या तोंडावर बसवणं मला पटत नाही.

या नावातलं डब्ल्यूआरटी कुठून आलं ते सांगते, कारण मला ती गोष्ट फार आवडते. २००२ च्या अखेरीस लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. लोकांनी तो उकलून बघितला तर आत लिनक्स निघालं. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्याची अट अशी, की तुम्ही ते बदलून दुसऱ्याला दिलंत तर बदललेला सोर्स कोडही द्यायचा. लोकांनी तो मागितला, २००३ मध्ये तो खुला झाला, आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. मध्ये २०१६ साली काही मंडळी वेगळी झाली, २०१८ च्या सुरुवातीला पुन्हा एकत्र आली. एका परवान्यातलं एक वाक्य कोणीतरी गांभीर्याने वाचलं आणि धरून ठेवलं, म्हणून आज माझ्या जिन्यावरचा डबा माझं ऐकतो. डेव्ह टॅट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. मी त्यांचं काम माझ्या घरात बसवलं ते त्यानंतर महिन्याभराने, मेच्या सुट्टीत. त्यांना कळवायचं राहून गेलं.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. त्याआधीची तयारी मात्र पूर्ण दुपारभर केली आणि कोणी करणार असेल तर त्यालाही तीच करायला सांगेन. वहीत तीन गोष्टी लिहून घेतल्या. पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम, त्याचा पासवर्ड, आणि राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा मॅक अ‍ॅड्रेस. पासवर्ड जुन्या पानावर नुसत्या टिंबांत दिसतो, म्हणून कनेक्शनवाल्याला फोन करून विचारून घेतला. मॅक म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक. तो अशासाठी, की आपल्याकडे बरेच गावपातळीवरचे इंटरनेटवाले कनेक्शन मॅकला बांधून ठेवतात. तो बदलला तर सगळं बरोबर असूनही लाईन उठत नाही आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरून फाईल लॅपटॉपवर आधीच उतरवून घेतली. आवृत्ती २४.१०.१. फायली दोन असतात. फॅक्टरी नावाची पहिल्यांदा कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून जाताना, आणि सिसअपग्रेड नावाची पुढच्या खेपांना. फाईल वाटेत बिघडली नाही ना हे कळायला तिचा शा-२५६ नावाचा पडताळणीचा आकडा साइटवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघितला. ६४ अक्षरं. लेक वाचत गेली, मी टिचक्या मारत गेले. मग राउटरच्या जुन्या पानावरच्या अपग्रेडच्या जागी ती फाईल दिली. दिवे विझले, लुकलुकले, पाचेक मिनिटांनी स्थिर झाले. वायफाय दिसेना तेव्हा लेक घाबरली. पण ते तसंच असतं, वायफाय सुरुवातीला बंद ठेवलेलं असतं, म्हणून केबल जोडूनच हे काम करायचं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडला, पासवर्ड न विचारता आत घेतलं. सगळ्यात आधी तिथे पासवर्ड घातला. मग पीपीपीओई. मग वायफाय सुरू करताना देश भारत निवडला. कुठली चॅनेल आणि किती ताकद वापरायची हे त्यावर ठरतं, आणि ताकद वाढवायला दुसऱ्याच देशाचं नाव घालतात, ते मी करणार नव्हते. जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ तसंही माजघरापलीकडे जात नाही. त्यासाठी केबल ओढून दुसरा डबा लावावा लागतो, तो आम्ही नंतर लावला.

आता रांग. एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेज उतरवून घेतलं, पीपीपीओईचा इंटरफेस निवडला, पद्धत केक. आणि इथे ती गोष्ट आहे जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला उलटी वाटली होती. लाईन ४० ची असली तर तिथे ३६ लिहायचे. आपणच आपला वेग का कमी करायचा? कारण रांग तिथेच लागते जिथे रस्ता सगळ्यात अरुंद असतो. राउटरने पूर्ण वेगाने सोडलं तर अरुंद जागा पुढे फायबरच्या डब्यात किंवा कनेक्शनवाल्याच्या यंत्रात असते आणि तिथे रांग कशी लावायची हे माझ्या हातात नाही. मी माझ्याकडून जरासं कमी सोडलं, की अरुंद जागा माझ्या जिन्यावर येते आणि रांग माझ्याच दारात लागते. मग ती कशी लावायची ते केक ठरवतो. चार एमबीपीएस देऊन मी रांगेचा ताबा घेतला. वर्गात दाब आणि प्रवाह शिकवताना आता मी हे उदाहरण देते.

त्या संध्याकाळी ह्यांना मुद्दाम सगळ्यात मोठा अल्बम लावायला सांगितला. पिंग बघत बसले. २६, २९, २४, ३१. अल्बमला पूर्वीपेक्षा थोडी मिनिटं जास्त लागली. सासूबाई वन्संशी पन्नास मिनिटं बोलल्या, फणसाच्या साठांबद्दल आणि शेजारच्या लग्नाबद्दल, आणि फोन माझ्याकडे दिला तो बोलणं संपलं म्हणून. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ नुसती उभी राहिले.

एक मर्यादा सांगायला हवी. हा प्रोसेसर जुना आहे. आमच्या ४० ला तो पुरून उरतो, पण कोणाकडे ३०० किंवा ५०० ची लाईन असेल तर केक चालवताना हा डबा धापा टाकेल, तिथे ताकदवान यंत्र हवं. आणि कनेक्शनवाल्याने दिलेल्या, त्याच्याच मालकीच्या डब्यावर हे प्रयोग करू नयेत.

जुलैमध्ये माझ्या हातून चूक झाली. २४.१०.२ आलं होतं. पाऊस कोसळत होता, दिवसभर वीज येऊन-जाऊन होती, आणि तरीही मी अपग्रेड लावलं. जिन्यातला प्लग इन्व्हर्टरवर नाही हे मला माहीत होतं. फ्लॅश लिहिली जात असताना वीज गेली. परत आली तेव्हा डब्यावर पॉवरचा दिवा तेवढा लागला, पुढे काही नाही. केबल जोडून १९२.१६८.१.१ ला हाक मारली, उत्तर नाही. घरातलं सगळं इंटरनेट गेलं आणि लेकीची दुसऱ्या दिवशी ऑनलाईन परीक्षा.

पण फ्लॅशच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो आणि अपग्रेड त्याला हात लावत नाही. बाकी सगळं बिघडलं तरी तो जागा होतो, आणि चालू होताना रीसेटचं बटण दाबून धरलं तर ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नावाची फाईल मागतो. या राउटरला समोरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो. लॅपटॉपला तो पत्ता दिला, फॅक्टरी फाईलचं नाव बदलून हवं ते केलं, टीएफटीपीडी६४ हा फाईल पुरवणारा प्रोग्राम सुरू केला, विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद केली. रीसेट दाबून राउटर चालू. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही. मोबाईलवरून भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामी, राउटर बंद-चालू करताना लॅपटॉपचं केबल कनेक्शन तुटतं, ते परत जुळेपर्यंत त्याची मागणी होऊन गेलेली असते. मधे एखादा नेटवर्कचा स्विच लाव." स्टुडिओतला जुना पाच पोर्टांचा स्विच हे पावसातून जाऊन घेऊन आले. लॅपटॉप स्विचला, राउटर स्विचला. रीसेट दाबून ठेवलं, डब्ल्यूपीएसचा दिवा लागला तसं बोट काढलं, आणि लॅपटॉपच्या खिडकीत फाईल सरकताना दिसली. रात्रीचे पावणेबारा. सेटिंग्ज वहीतून पुन्हा घातल्या. मे महिन्यातली दुपार तेव्हा कामाला आली. परीक्षा सकाळी दहाला व्यवस्थित झाली.

आता जिन्यावर राउटरशेजारी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे. अपग्रेड करायचं तर पाऊस नसताना, सकाळी, आणि सेटिंग्जची बॅकअप फाईल काढून. एका पेनड्राईव्हवर फॅक्टरी फाईल, टीएफटीपीडी६४ आणि ती बॅकअप ठेवली आहे, आणि तो त्या जुन्या स्विचला सुतळीने बांधला आहे.

परवा कॉल चालू असताना मी सासूबाईंच्या मागून डोकावून वन्संना म्हटलं, तुमचा डबा जरा उलटा करून स्टिकर वाचा. त्यांनी चष्मा लावला, फोन मेजावर टेकवला आणि एकेक अक्षर वाचलं. आर्चर सी७. आवृत्ती ५.०. भाचा दिवाळीला बडोद्याला जाणार आहे. मी दुसरा पेनड्राईव्ह भरायला घेतला आहे.