घाम फार, तोंड कोरडं: आधी गोळ्यांची पाकिटं काढा

मे महिन्यात दादरच्या पुलावर घाम फुटतो, तो आजार नव्हे. हवा इतकी दमट असते की घाम उडून न जाता अंगावरच निथळतो. पण एसीतही तळहातांनी कागद ओला होत असेल, किंवा पंखा सुरू असून रात्री उशी चिंब होत असेल, तर कारण शोधायला हवं. जोडीला तोंडाला कोरड पडत असेल, तर रोज घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आधी टेबलावर मांडा.

घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथींना कामाला लावणारं रसायन एकच, ॲसिटाइलकोलिन. त्याला अडवणारं औषध दोन्ही सुकवतं. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिन ही त्यातलीच. वेनलाफॅक्सिनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांचं मात्र उलटं: तोंड कोरडं, घाम जास्त. तरी त्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते. डोस किंवा गोळी बदलण्याचं डॉक्टरांशी बोला.

गोळ्यांत काही सापडलं नाही तर लक्षणांची जोडी बघा. तहान, वारंवार लघवी, कोरडं तोंड: रक्तातली साखर. धडधड, थरथरते हात, उतरणारं वजन: थायरॉईड. रात्रीचा घाम, ताप आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला: टीबीची तपासणी. डोळेही कोरडे, सांधे दुखरे: स्योग्रेन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. छातीत दाब आणि गार घाम असेल तर तपासण्यांत वेळ घालवू नका, थेट इस्पितळ गाठा.

लहानपणापासून दोन्ही तळहातांना किंवा काखांना सारखाच घाम, आणि झोपेत तो बंद? मग बहुतेक तो प्राथमिक प्रकार, म्हणजे मागे दुसरा आजार किंवा औषध नसलेला. काखेसाठी ॲल्युमिनियम क्लोराईडचं १० ते २० टक्क्यांचं द्रावण मिळतं. बहुतेक लोक ते सकाळी आंघोळ झाल्या झाल्या लावतात आणि ‘जळजळतं’ म्हणून फेकून देतात. ओल्या कातडीवर त्यातून आम्ल तयार होतं, तेच झोंबतं. रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावायचं आणि सकाळी धुवायचं. काखेतले केस काढल्यावर एक-दोन दिवस थांबायचं. फरक पडला की आठवड्यातून एक-दोन रात्री पुरे. डिओ हे काम करत नाही, तो फक्त वास झाकतो.

तळहातांसाठी आयन्टोफोरेसिस: पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून १५ ते २० मिलिॲम्पिअरचा सौम्य प्रवाह, २० ते ३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा. नळाचं पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, असल्याने प्रवाह नीट वाहत नसेल, तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. हृदयात पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल, तर हा उपाय नको.

ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांनी घाम थांबतो, पण तोंड कोरडं पडतं. शिवाय घाम थांबला की शरीर थंडही होत नाही, म्हणून उन्हाळ्यात दुपारची मेहनत टाळायची. गंमत अशी की लाळ वाढवणारी पायलोकार्पिन घेतली की सगळ्यात आधी घामच वाढतो.

तोंडाचं म्हणाल, तर घोटघोट पाणी, झायलिटॉल असलेलं साखरेविना च्युइंगगम, दोन वेळा फ्लोराईड टूथपेस्ट. लाळ नसली की दात हिरड्यांजवळ झपाट्याने किडतात. त्यामुळे लिमलेटच्या गोळ्या चघळत राहणं सगळ्यात वाईट: आम्लही, साखरही. अल्कोहोलवाला माउथवॉश आणि सुपारी दोन्ही बंद. सकाळीच तोंड कोरडं असेल तर नाक चोंदून तुम्ही तोंडाने श्वास घेताय का ते पाहा. तिथे इलाज नाकाचाच.