टॉवर समोर, बिघाड भिंतीत

२०१८ साली ठाण्यातल्या एका सोसायटीत विद्युतचुंबकीय क्षेत्रांच्या मोजणीला गेलो होतो. समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची झोप उडाली होती, डोकं सतत जड. अशा माणसाला ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प करणं मला पटत नाही. त्रास खरा असतो, कारण शोधावं लागतं.

आधी टॉवर. प्रोब (लहरी मोजणारा सेन्सर) दीड मीटर उंचीवर धरून खिडकीत, पलंगाजवळ आणि गच्चीवर सहा-सहा मिनिटांची सरासरी घेतली. सर्वांत मोठा आकडा गच्चीवर आला : १.५ व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६ मिलिवॅट. ९०० मेगाहर्ट्झला तेव्हाची मर्यादा ४५० मिलिवॅट होती, तीही २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली.

मग घरच्या विजेचं, म्हणजे ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर उशीवर ठेवला. १.२ मायक्रोटेस्ला! एसी बंद केला, ०.०६. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) एकाच पाइपातून जात असतील तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात, एवढा आकडा यायलाच नको. कुठेतरी करंट वेगळ्या वाटेने परतत होता.

घर दोन फ्लॅट जोडून केलेलं, विजेचे मीटरही दोन. बोर्डावर फेज-न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्प मीटरमध्ये (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) घेतले. शून्य यायला हवं, आले ३ अँपिअर. दुसऱ्या फ्लॅटचा मेन एमसीबी (मुख्य स्विच) पाडला, तरी त्याच्या न्यूट्रलमध्ये ३ अँपिअर वाहतच होते. पलंगाच्या डोक्याशी जंक्शन बॉक्स होता. उघडला तर दोन्ही घरांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले, वरची काळी टेप उष्णतेने चिकट झालेली. हिशेबही जुळला : ०.२ गुणिले अँपिअर, भागिले तारेपासूनचं अंतर, मीटरमध्ये. अर्ध्या मीटरवर बरोबर १.२.

आजींना स्पष्ट सांगितलं, “याच्यानेच डोकं दुखतंय असं मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. पण लहान मुलांच्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) संशय ०.३-०.४च्या वरच्या सरासरीशी जोडला गेलाय, सिद्ध झालेला नाही. उशाशी हे ठेवायचं कारण नाही.”

मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. दोन्ही बोर्डांवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारे स्विच) होते, पण बायपास केलेले, म्हणजे तारा त्यांना वळसा घालून जोडलेल्या. “सारखे उडायचे, म्हणून वायरमनने सर्किटमधून काढून टाकले,” आजींचा मुलगा म्हणाला. उडणारच! फेज-न्यूट्रलमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की उडणं हेच त्यांचं काम, आणि इथे फरक ३ अँपिअरचा.

न्यूट्रल वेगळे केले, ज्याचा त्याच्या फेजसोबत त्याच पाइपातून नेला. आरसीसीबी पुन्हा जोडून टेस्टचं बटण दाबलं, दोन्ही उडाले. उशीवर आता ०.०५.

मग एकेक उपकरण चालू करत गेलो. गीझरचं बटण दाबताच आरसीसीबी पडला. कॉइलला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, काटा शून्याजवळ, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. करंट गीझरच्या टाकीत उतरत होता.