अंग सैल सोडलं की हवा द्यायची

पाण्याखालच्या शूटिंगला सेफ्टी डायव्हर म्हणून उतरले की माझी नजर समोरच्याच्या डोळ्यांवर असते. हवा कमी पडायला लागली की ते आधी डोळ्यांत दिसतं, हात नंतर हलतात. त्या दिवशी ज्याला सांभाळायचं होतं त्याचे डोळे मात्र फोम रबरच्या मुखवट्याआड, दोन बारीक भोकांच्या मागे होते.

दिग्दर्शकाला जलराक्षस हवा होता आणि तो संगणकावर केलेला नको होता. मला हे मनापासून आवडलं. पोशाख घालणारा मुलगा मालवणकडचा, लहानपणापासून समुद्रात वाढलेला. कामाच्या यादीत त्याची नोंद 'ज्युनियर आर्टिस्ट' एवढीच. मुखवट्याच्या आत रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, बसत नव्हता आणि पाठीवर सिलिंडर लावला तर राक्षस कसला दिसणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना रिकू ब्राउनिंगबद्दल सांगितलं.

१९५४ साली आलेल्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' या हॉलिवूडच्या चित्रपटातला जलमानव दोघांनी मिळून उभा केला होता. जमिनीवरची दृश्यं कॅलिफोर्नियात युनिव्हर्सलच्या स्टुडिओत झाली. त्यांत बेन चॅपमन होता, जवळजवळ साडेसहा फूट उंच. त्या पोशाखात धड बसताही येत नसे आणि समोरचं नीट दिसतही नसे. नायिकेला, ज्युली अ‍ॅडम्सला, उचलून गुहेतून नेताना तिचं डोकं भिंतीवर आपटलं ते त्यामुळेच. पाण्याखालचा जलमानव होता ब्राउनिंग. तेव्हा तो तेवीस वर्षांचा, फ्लोरिडात शिकणारा विद्यार्थी. चित्रीकरणासाठी जागा बघायला आलेल्या लोकांना वकुला स्प्रिंग्जचा झरा दाखवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. माणसाच्या मानाने झरा केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून त्यांनी त्यालाच कॅमेऱ्यासमोर पोहायला सांगितलं, आणि त्याचं पोहणं बघून पुढे भूमिकाच दिली. नायिका वर पोहते आहे आणि तिच्या खाली हा उताणा, तिच्याच लयीत पोहतो आहे, ते दृश्य मी अनेकदा थांबवून थांबवून बघितलंय. वरची मुलगीसुद्धा तिथे ज्युली अ‍ॅडम्स नाही, तिच्या जागी पोहणारी जिंजर स्टॅन्ली आहे. दोघंही किती निवांत वाटतात! प्रत्यक्षात त्याच्या अंगावरचा फोम त्याला वर ढकलत होता, म्हणून छातीला, मांड्यांना, घोट्यांना शिशाची वजनं लावलेली होती. झऱ्याचं पाणी वर्षभर विशीच्या आसपास अंश सेल्सिअस असतं, त्यात तासन्‌तास काढायचे. पाठीवर सिलिंडर नाही. तो चार मिनिटांपर्यंत श्वास धरू शकायचा असं सांगतात, पण अंगावर वजन घेऊन जोरात पोहताना कुणालाच तेवढा वेळ मिळत नाही.

त्याने हवा घेतली ती नळीतून. फ्लोरिडातच वीकी वाचीला न्यूट पेरी याने जलपऱ्यांच्या खेळासाठी ही पद्धत बसवली होती. मदतनीस डायव्हर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर थांबायचा, पोहत येऊन सतत हवा सोडणाऱ्या नळीचं टोक द्यायचा आणि परत बाजूला व्हायचा. ब्राउनिंगला ते टोक जलमानवाच्या ओठांतून आत, स्वतःच्या तोंडापर्यंत ढकलावं लागायचं. हवा हवी असल्याची खूण काय, तर हालचाल थांबवून अंग पूर्ण सैल सोडायचं.

आमचा वाद याच खुणेवरून झाला. कॅमेऱ्यावरच्या डायव्हरचं म्हणणं, निपचित पडलेला माणूस म्हणजे बेशुद्ध माणूस, ती खूण कशी चालेल? त्याची काळजी योग्य होती. पण राक्षसाने हात हलवले, मान झटकली, गळा धरला, तर तो अभिनय आहे की गुदमरणं, हे पोशाखाबाहेरून कसं ओळखायचं? पटकथेत त्याला निश्चल कुठेच व्हायचं नव्हतं. थांबणं ही एकच गोष्ट अशी होती जी त्या दृश्यात अभिनय असू शकत नव्हती. शिवाय माणूस खरोखर बेशुद्ध झाला तरी मला करायचं तेच होतं, ताबडतोब त्याच्यापर्यंत पोचायचं. माझं म्हणणं मान्य झालं. मुलाला मी एक गोष्ट घोकून घेतली: नळीतली हवा घेतल्यावर वर येताना श्वास रोखायचा नाही, सोडत सोडत यायचं. दाबाखालची हवा वर येताना फुगते, अगदी दीड-दोन मीटरवरूनसुद्धा फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

टेक सुरू झाला. तो फार सुंदर पोहला. पाय जुळवून, कमरेतून लाट काढत. ठरलेल्या जागेच्या बराच अलीकडे तो थांबला. हात तरंगायला लागले, डोकं एका बाजूला कललं. पाण्यातल्या स्पीकरवर दिग्दर्शकाचा आवाज आला, "मस्त, चालू ठेवा!" त्याला वरच्या पडद्यावर ते दृश्य भयानक आणि देखणं दिसत होतं. मी चौकटीत शिरले. नळी त्याच्या ओठांत सरकवली, मानेखाली हात धरला. क्षणभर काहीच नाही. मग मुखवट्याच्या टाळूतून बुडबुड्यांची माळ वर निघाली आणि त्याच्या पंजाने माझं मनगट घट्ट पकडलं.

वर आल्यावर त्याचं डोकं काढलं. घामाने आणि पाण्याने चेहरा लाल. "ताई, हात हलवत होतो, कुणाला कळलं नाय. मग सोडलं अंग." फोमने पाणी पिऊन वजन वाढलं होतं, म्हणून तो लवकर दमला. आम्ही शिसं कमी केलं आणि दृश्य दोन तुकड्यांत करायचं ठरवलं. दिग्दर्शक आधी नाराज होता, पण बुडबुडे किती उशिरा आले ते चित्रीकरणात स्वतः बघितल्यावर गप्प झाला.

चहा पिताना मुलाने विचारलं, "त्या माणसाचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, १९५५ आणि १९५६ च्या पुढच्या दोन्ही भागांत जमिनीवरचा जलमानव दर वेळी बदलला, पाण्याखाली तोच राहिला. १९६३ च्या 'फ्लिपर' या डॉल्फिनवरच्या चित्रपटाची कल्पना त्याची आणि त्याच्या एका नातेवाइकाची. 'थंडरबॉल' या बाँडपटातली पाण्याखालची दृश्यं त्याने बसवली. २०२३ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी गेला.

"आणि पहिल्या पिक्चरला नाव?"

नव्हतं. पडद्यावर ना त्याचं, ना चॅपमनचं.

मला याचा राग येतो. संध्याकाळी सुरक्षेचा अहवाल लिहिताना मी खाली एक ओळ वाढवली: पोशाखातल्या कलाकाराचं पूर्ण नाव श्रेयनामावलीत भूमिकेसमोर द्यावं. निर्मितीच्या माणसाने वाचून विचारलं, हे सुरक्षेत कसं येतं? मी त्याला त्या टेकचे बुडबुडे येण्याआधीचे सेकंद परत दाखवले आणि ती ओळ तशीच ठेवून सही केली.