स्क्रब टायफस: जंतू केंद्रकाबाहेर, हुकूम मात्र आतवर

२०१८च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपासच्या गावांत स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण वाढले, तेव्हा गवत, उंदीर आणि चिगर माइट या गोचिडीसारख्या सूक्ष्म जिवाच्या अळ्या यांवर बरंच बोललं गेलं. अळी चावल्यानंतर पेशीच्या आत काय चालतं, ते मात्र मागेच राहिलं.

या आजाराचा जिवाणू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, पेशीत शिरताना ज्या पिशवीत अडकतो ती फोडून पेशीद्रवात येतो आणि केंद्रकाजवळ मुक्काम ठोकतो. केंद्रकात तो आपली प्रथिनं पाठवतो. त्यातली अँक-१ आणि अँक-६ ही जोडी मला सर्वांत विलक्षण वाटते. जंतूची चाहूल लागली की पेशीतलं पी-६५ हे प्रथिन केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करतं. ही जोडी पी-६५ नष्ट करत नाही. पेशीच्याच एक्स्पोर्टिन-१ या, केंद्रकातली प्रथिनं बाहेर नेणाऱ्या वाहकाला हाताशी धरून ती त्याला केंद्रकात साचूच देत नाही. म्हणून सगळी पेशी विरघळवून एकूण पी-६५ मोजलं तर हा डाव दिसणारच नाही. ते कुठे आहे हे पाहावं लागतं. (अँक-१३ सुद्धा केंद्रकात जातं आणि अनेक जनुकांचं काम मंदावतं.)

जिवंत जंतूसाठी बीएसएल-३, म्हणजे कडक जैवसुरक्षेची, प्रयोगशाळा हवी. पण नागपुरातल्या बायोटेकच्या विद्यार्थ्यांना एकट्या अँक-१चं जनुक, फ्लॅग टॅग (ओळखीची छोटी खूण) जोडून, प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळातून हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) घालता येईल. दुसऱ्या दिवशी मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम टीएनएफ-अल्फा (पी-६५ला केंद्रकात धाडणारा दाहाचा संदेश) ३० मिनिटं द्या, पेशी आहे तशा गोठवण्यासाठी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं ठेवा, ट्रायटन या साबणासारख्या द्रव्यानं पटलं सच्छिद्र करा आणि पी-६५ व फ्लॅग दोन्ही त्यांना चिकटणाऱ्या अँटिबॉडींनी रंगवा. ट्रायटन कमी पडलं तर अँटिबॉडी केंद्रकात पोचत नाही आणि खोटाच परिणाम दिसतो. वेळ तर काटेकोर पाळाच: तासाभरानंतर नव्यानं तयार झालेलं आय-कॅपा-बी हे पेशीचंच रोधक प्रथिन पी-६५ला आपसूक बाहेर काढतं, मग श्रेय अँक-१ला द्यायचं कसं? प्लास्मिड सगळ्याच पेशींत जात नाही, तेव्हा फक्त फ्लॅग दिसणाऱ्या पेशी मोजा. रिकाम्या प्लास्मिडचा नमुना शेजारी हवाच. शेवटी अँक-१ असलेल्या पेशींना लेप्टोमायसिन-बी हे औषध देऊन एक्स्पोर्टिन-१ बंद करा. पी-६५ केंद्रकात साचलं तर वाट हीच, पण हे औषध निरोगी पेशीतही निर्यात थांबवतं, म्हणून तेही टीएनएफ न दिलेल्या पेशींत तपासून घ्या.